बंदूक एकाच्या हातीं, परवाना दुसऱ्याच्या नांवें

पेढीच्या दारांत लांब नळीची बंदूक घेऊन उभा असलेला रखवालदार हें शहरांतलें नेहमींचें दृश्य आहे. त्याला पाहून ठेवीदाराला धीर येतो आणि चोरट्याला धाक बसतो, अशी सर्वांची समजूत असते. परंतु ती बंदूक कोणाची, तिचा परवाना कोणाच्या नांवें, ती चालविण्याचें शिक्षण त्या माणसाला कोणीं दिलें, आणि ती उडालीच तर जाब कोणीं द्यावयाचा, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. या चार प्रश्नांचीं उत्तरें शोधूं गेल्यास दोनशें वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो. त्या इतिहासांत एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. कायद्यानें हत्यार पाहिलें, हत्याराच्या मालकाची ऐपत आणि इभ्रत पाहिली. परंतु तें हातांत धरून रात्रभर उभा राहणारा माणूस त्याच्या नजरेस फार उशिरां पडला.

इंग्रजी अमलापूर्वीं स्थिति अगदीं वेगळी होती. दख्खनच्या अनेक गांवीं रखवालीचें काम रामोश्यांकडे आणि खानदेशांत तें भिल्लांकडे असे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ मध्यें जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या पहारेकऱ्याचें काम तपशिलानें वर्णिलें आहे. रात्रीं गस्त घालावी, गांवांत कोण आलें व कोण गेलें तें पाहावें, परक्या माणसावर नजर ठेवावी आणि प्रत्येक घराची चालचर्या जाणून असावें, हें त्याचें कर्तव्य. चोरी झाली तर चोराचा माग काढणें हेंही त्याच्याकडेच. माग शेजारच्या गांवाच्या शिवेपर्यंत पोंचविला म्हणजे पुढची जबाबदारी त्या गांवच्या पहारेकऱ्यावर पडे. आणि माग लागलाच नाहीं, तर चोरीची भरपाई करून देण्याची पाळी त्याच्यावर व गांवावर येई. या कामाबद्दल त्याला धान्य, जमीन, हक्क मिळत. म्हणजे पहारा करणें, हत्यार बाळगणें आणि जाब देणें या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायीं एकवटल्या होत्या. त्याच्या परवान्याचा कागद नव्हता. गांवाची ओळख हाच त्याचा परवाना.

या व्यवस्थेंत दोष नव्हते असें नाहीं. कुंपणानेंच शेत खाल्ल्याचीं उदाहरणें तेव्हांही घडत. परंतु ही व्यवस्था मोडल्यावर काय होतें, हेंही लौकरच दिसून आलें. पुरंदर किल्ल्याच्या रखवालीवर ज्या रामोशी घराण्यांचा निर्वाह होता, त्यांचे पिढीजात हक्क नव्या राजवटींत गेले. त्या असंतोषांतूनच उमाजी नाइकाचें बंड उभें राहिलें आणि १८३२ च्या फेब्रुवारींत पुणें येथें त्याला फांसावर चढविण्यांत आलें. पुढें १८७९ मध्यें वासुदेव बळवंत फडके यांनीं जीं माणसें जमविलीं, त्यांतही रामोश्यांचा भरणा मोठा होता. राखणदाराचा हक्क काढून घेतला म्हणजे त्याचें शौर्य नाहींसें होत नाहीं; तें दुसरी वाट शोधतें.

१८५७ च्या उठावानंतर सरकारची दृष्टि हत्यारांवर खिळली. जिल्ह्यांजिल्ह्यांतून हत्यारें गोळा करण्यांत आलीं, १८६० मध्यें एक कायदा झाला, आणि लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असतांना १८७८ च्या मार्च महिन्यांत प्रसिद्ध हत्यारांचा कायदा मंजूर झाला. त्याच महिन्यांत देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही झाला, हा योगायोग बोलका आहे. बंदूक, तलवार, भाला, धनुष्यबाण हीं सर्व ‘हत्यारें’ ठरलीं आणि परवान्यावांचून तीं घेऊन फिरणें गुन्हा झाला. खाजगी पहाऱ्याचा प्रश्न खरोखर येथूनच सुरू होतो. कारण परवाना मागावयाचा तर अर्जदाराची प्रतिष्ठा लागे, मालमत्ता लागे, अधिकाऱ्यांची मर्जी लागे. आणि पहारेकऱ्याजवळ यांपैकीं कांहींच नसे. सावकाराला बंदूक मिळूं शकली, रखवालदाराच्या हातीं बहुधा काठीच उरली. मुंबईच्या वखारी, पेढ्या आणि गिरण्या यांच्या दारांशीं जे पठाण व उत्तर हिंदुस्थानी पहारेकरी उभे राहत, त्यांचा दरारा मुख्यतः त्यांच्या देहयष्टीचा आणि काठीचा होता.

या कायद्यांतील खरें शल्य त्याच्या अपवादांत होतें. नियमांनीं युरोपियन, अमेरिकन वगैरे लोकांना परवान्याच्या जाचांतून मोकळें ठेवलें होतें. एखादा नुकताच बोटींतून उतरलेला गोरा कारकून बंदूक बाळगूं शके, परंतु पिढ्यान्‌पिढ्या गांव राखणाऱ्यास तलवारीसाठीं सुद्धां अर्ज करावा लागे. १८८७ च्या मद्रास येथील अधिवेशनापासून राष्ट्रीय सभेनें या कायद्याविरुद्ध ठराव केले. १९२० च्या नियमांनीं वर्णभेदाचा हा कलंक बव्हंशीं पुसला, तरी कायदा कायम राहिला. १९३१ मध्यें कराची येथें मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यांत ठराविक नियमांच्या मर्यादेंत हत्यार बाळगण्याचा हक्कही समाविष्ट होता.

स्वराज्य आल्यावर या ठरावाची कसोटी लागली. १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितीमध्यें हरि विष्णु कामत यांनीं हा हक्क घटनेंत घालण्याची सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. उलट नागरिकांस एकत्र जमण्याचा जो हक्क दिला, तोही शांततेनें आणि शस्त्रांवांचून जमण्याचा. याचा अर्थ स्पष्ट आहे. स्वतंत्र भारतांत हत्यार हा हक्क नव्हे, ती राज्यानें कारण पाहून दिलेली परवानगी होय. परकी सरकार अविश्वासानें जें करीत होतें, तें स्वकीय सरकारनें सावधगिरीनें केलें, असें म्हणतां येईल.

१८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा नवा कायदा झाला आणि १९६२ च्या ऑक्टोबरांत अमलांत आला. तलवार-भाल्यांवरील सरसकट बंधन त्यानें काढलें. बंधन मुख्यतः अग्निशस्त्रांवर ठेवलें. पोलिसांचा अहवाल मागवून मग परवाना द्यावा, असा दंडक पुढें दुरुस्तीनें घातला गेला. ज्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत आहे व लांबीनें वीस इंचांहून कमी नाहीं, ती संरक्षणासाठीं मागणाऱ्या नागरिकाच्या बाबतींत कायद्याचा कल परवाना देण्याकडे आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठीं मात्र गरज पटवून द्यावी लागते. पेढीच्या दारांत लांब नळीचीच बंदूक कां दिसते, याचें उत्तर बऱ्याच अंशीं या कलमांत आहे. ती लपवितां येत नाहीं, दुरून दिसते आणि धाक घालते. कायद्याला तेवढेंच हवें होतें.

परंतु मूळ प्रश्न तसाच राहिला. परवाना धनी घेई आणि त्याच्या पदरचा माणूस ‘रिटेनर’ म्हणून त्या परवान्यावर नोंदविला जाई. धनी एक आणि नोकर दहा वर्षांचा जुना, तोंपर्यंत ही सोय ठीक होती. पुढें रखवाली हा मोठा धंदा झाला. कारखाने, पेढ्या, दवाखाने, गृहसंस्था यांना पहारेकरी पुरविणाऱ्या एजन्सी निघाल्या. पहारेकरी एकीचा नोकर, उभा दुसऱ्याच्या दारांत, असा प्रकार सुरू झाला. कित्येक ठिकाणीं ज्याच्याजवळ स्वतःच्या नांवाचा परवाना व बंदूक आहे अशालाच ‘गनमन’ म्हणून नेमण्याची रीत पडली. आत्मरक्षणासाठीं दिलेला परवाना अशा रीतीनें पोटाचें साधन बनला. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यानें गांवाकडच्या घराची भीति पाहिली होती. बंदूक मात्र शेंकडों कोस दूर परक्याच्या तिजोरीपुढें उभी राहिली.

महाराष्ट्रानें १९८१ मध्यें खाजगी सुरक्षा रक्षकांसाठीं कायदा केला. त्याचा रोख रक्षकाच्या वेतनावर व कल्याणावर होता. मंडळाकडे रक्षकांची व मालकांची नोंद व्हावी आणि रक्षकाची पिळवणूक थांबावी, हा त्याचा हेतु. संपूर्ण देशासाठीं संसदेनें २००५ मध्यें खाजगी सुरक्षा एजन्सींचा कायदा केला. त्यानें एजन्सीला परवान्याची सक्ति केली, रक्षकाचें वय अठरा ते पासष्टच्या दरम्यान असावें, त्याच्या चारित्र्याची पडताळणी व्हावी, त्याला ठराविक शिक्षण मिळावें, असें ठरविलें. सैन्याच्या किंवा पोलिसांच्या पोषाखासारखा पोषाख घालणें शिक्षेस पात्र केलें. ‘रक्षक’ या शब्दाची व्याख्या करतांना तो सशस्त्र असो वा निःशस्त्र, दोघांनाही तींत घेतलें.

आतां खरी मेख पाहावी. या कायद्याखालीं केंद्र सरकारनें २००६ मध्यें राज्यांसाठीं आदर्श नियम केले. त्यांत रक्षकाला शंभर तास वर्गांत आणि साठ तास प्रत्यक्ष कामाचें, असें एकशेंसाठ तासांचें शिक्षण सांगितलें. आग विझविणें, गर्दी आवरणें, प्रथमोपचार, ओळखपत्रें तपासणें, आत्मसंरक्षणाच्या हक्काची तोंडओळख, हे विषय त्यांत होते. बंदूक हाताळण्याचाही विषय होता. परंतु तो ऐच्छिक! ज्या कायद्यानें सशस्त्र रक्षक मान्य केला, त्याच्याच नियमांत शस्त्राचें शिक्षण मर्जीवर सोडलें गेलें. नियम करणाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे. बहुतेक रक्षक निःशस्त्रच असतात, मग सर्वांवर बंदुकीची सक्ति कशाला, हा विचार चुकीचा नव्हे. परंतु ज्याच्या हातीं बंदूक द्यावयाची, निदान त्याच्यापुरती ती सक्ति वेगळी सांगतां आली असती. हत्याराचा परवाना एका कायद्याखालीं आणि रखवालीचा दुसऱ्या, अशी वांटणी झाली म्हणजे मधल्या फटींतून माणूस निसटतो.

पुढच्या काळांत ही फट थोडी बुजली. २०१६ च्या हत्यारविषयक नियमांनीं परवाना मागणाऱ्यास शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण आवश्यक केलें. २०१८ मध्यें रोकड वाहून नेण्याच्या धंद्यासाठीं स्वतंत्र नियम झाले. शहरांत रात्रीं नऊनंतर यंत्रांत पैसे भरूं नयेत, एका गाडींत पांच कोटींहून अधिक रक्कम नेऊं नये, असे दंडक त्यांत आले. धोका टाळण्याचें शहाणपण बंदूक वाढविण्यांत नसून वेळ आणि रक्कम आवरण्यांत आहे, हें या नियमांनीं ओळखलें.

कारण बंदूक हातीं असली तरी रखवालदार हा पोलीस नव्हे. त्याला गोळी झाडण्याचा जो हक्क आहे, तो कोणाही सामान्य नागरिकाला असलेल्या आत्मसंरक्षणाच्या हक्काहून तिळभरही अधिक नाहीं. १८६० च्या दंडसंहितेंत तो होता आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या न्यायसंहितेंतही तो तसाच आहे. दुसऱ्याची मालमत्ता राखण्याचा हक्क त्यांत येतो. परंतु मालमत्तेसाठीं प्राण घेण्याची मुभा दरोडा, रात्रींची घरफोडी, आग लावणें अशा मोजक्याच प्रसंगीं आहे. पळून जाणाऱ्या भुरट्या चोरावर गोळी झाडणारा रक्षक स्वतःच आरोपी ठरूं शकतो. हा सूक्ष्म निवाडा क्षणार्धांत करावयाचा आणि तोही तुटपुंज्या पगारावर रात्रभर जागलेल्या माणसानें!

जुन्या गांवानें पहारेकऱ्याला जबाबदारी दिली, तशी जमीन आणि मानही दिला. इंग्रजी राजवटीनें दोन्ही काढून घेतले आणि विश्वास मालकावर ठेवला. स्वतंत्र देशाच्या कायद्यानें रक्षकाची नोंद, वेतन, पडताळणी आणि शिक्षण या वाटेनें त्याच्याकडे हळूहळू पुन्हा पाहावयास आरंभ केला आहे. ती वाट अजून पुरी झालेली नाहीं. बंदुकीवर कारखान्याचा क्रमांक कोरलेला असतो आणि परवान्यावर धन्याचें नांव असतें. ज्याच्या बोटाखालीं चाप असतो, त्याची पारख आणि त्याची तयारी यांचीही तितकीच ठळक नोंद होईल, तेव्हांच दारांतल्या बंदुकीचा धीर वाटावा.