करारात नसलेली बाई

महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला १९५० साली सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं ते मोठं काम, आणि नगर जिल्ह्याचा कायापालट त्याने झाला. त्याआधी बेलापूर कंपनीसारख्या खाजगी कारखान्यांचे स्वतःचे मळे होते. सहकारात ऊस हजारो सभासदांच्या रानांत विखुरला. आज या फडात तर परवा त्या फडात जाणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या लागू लागल्या. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, पाथर्डीकडून माणसं खाली उतरली. १९७२च्या दुष्काळानंतर ही रीघ कायमची झाली.

मी एका कारखान्याच्या शेती खात्यात नोकरी केली. आधी चिटबॉय होतो, पुढे गटऑफिसात करार लिहायला बसलो. स्टँपपेपरवर वाहतूकदार, मुकादम, दोन जामीनदार, उचलीची म्हणजे आगाऊ पैशांची रक्कम आणि कोयत्यांची संख्या लिहायची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. माझ्या हातून लिहिलेल्या एकाही करारात बाईचं नाव नव्हतं. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात जायची, फेडायला मात्र दोघं.

नवरा ऊस तोडायचा. ती पाचट काढायची, मोळ्या बांधायची. रात्री दोनला ट्रक फडात आला की डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून तीच वर चढायची, पोटुशी असली तरी. पहाटे कोपीवर येऊन भाकरी थापायची. एक दिवस बसली तर खाडा लागायचा आणि तो हिशेबातून कापला जायचा. पोटात दुखतंय म्हटलं की दवाखान्यात सल्ला मिळे, ‘पिशवी काढून टाका.’ २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हीच कहाणी कोकाकोला आणि पेप्सीच्या साखरेपर्यंत नेऊन भिडवली. मोठे ग्राहक कारखान्याची तपासणी करून घेतात. पण मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत, असं कारखाना सांगतो, आणि कागदावर ते खरंच असतं. तो कागद आम्हीच तसा लिहिला होता. कारखान्याच्या हजेरीपटावर ज्याचं नाव नाही, त्याचा भविष्यनिर्वाह निधी नाही, बाळंतपणाची रजा नाही, अपघात झाला तर कारखाना जबाबदारी घेत नाही.

साखर विकत घेणाऱ्या कंपन्यांनी पुढच्या गळीत हंगामाआधी कारखान्याकडे एक यादी मागावी: प्रत्येक कोयत्यातल्या दोघांची नावं, दोघांची बँक खाती, आणि खाडा बंद केल्याचं लेखी पत्र. ही यादी नसेल तर ती साखर घेऊ नये.