बेलभंडार आणि डारा-मिरी

धानोऱ्याहून मुरूमगावच्या रस्त्यानं पूर्वेला निघालं की छत्तीसगड लागतं. तिथून दक्षिणेला बस्तर. १९१०च्या भूमकालात त्या बस्तरात गावोगाव जे पत्र फिरलं, त्यात एकही अक्षर नव्हतं. लाल मिरच्या बांधलेली आंब्याची डहाळी, मातीचं ढेकूळ आणि बाण. नाव डारा-मिरी. भूमकाल म्हणजे जंगलं राखीव करण्याविरुद्धचा उठाव. राजघराण्यातले लाल कालेंद्रसिंह त्याचे कारभारी, तर नेतानारचा गुंडा धूर त्याचा सेनापती. इंग्रजांना तो कधीच सापडला नाही.

या डहाळीचं कूळ शोधताना पहिल्यांदा आठवतात त्या १८५७च्या चपात्या. मला ते नातं मुळीच पटत नाही. चपाती पुढच्या गावी पोचवणाऱ्या चौकीदारालाच ती कशासाठी हे ठाऊक नसे. १८५५च्या संथाळ उठावात फिरलेली सालाची फांदी जास्त जवळची. पण बस्तर म्हणजे सालाचंच रान! रीत संथाळांकडून उसनी घेतली असती, तर दारातला साल सोडून आंबा कशाला तोडला असता?

माझ्या मते डारा-मिरीची खरी भावकी बेलभंडाराशी. मराठेशाहीत कारभारी आणि सरदार यांची मनं फाटली की नुसत्या कागदावर भागत नसे. देवावरचा बेल आणि भंडारा मध्ये ठेवून शपथक्रिया होई. मजकूर कारकुनानं लिहावा, इमान मात्र बेलानं बांधावं. डारा-मिरीचं कामही तेच. बातमी तर तोंडीही पोचली असती. डहाळी पोचली ती गावाला बांधून घ्यायला.

मग पेशव्यांच्या पुण्याची ही रीत बस्तरच्या रानात कशी गेली? वाट होती. चांदा १७५१पासून नागपूरकर भोसल्यांकडे, बस्तरची टाकोळी, म्हणजे खंडणीही, नागपूरलाच. तरीही मी प्रवास उलटा मानतो. बेल रानातला आणि भंडारा खंडोबाचा, म्हणजे धनगर-रामोश्यांच्या देवाचा. झाडपाल्यावर शपथ घेण्याची ही चाल आधी रानची असणार, दप्तरानं ती नंतर उचलली. पेशव्यांच्या कारकुनानं तिला कागदाची जोड दिली. बस्तरात ती १९१०पर्यंत कागदावाचून चालली, आणि कालेंद्रसिंहांसारख्या दरबारी माणसालाही गावं उठवायला तीच लागली.