निबंधाऐवजी कथा : टोल्किन यांच्या लहान परीकथा वाचताना

१९३८ साली ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजातील एका विद्यार्थी-मंडळापुढे जे. आर. आर. टोल्किन यांनी परीकथांविषयीच्या निबंधाऐवजी एक परीकथाच वाचली. ती 'फार्मर जाइल्स ऑफ हॅम'. पुस्तकरूपाने ती १९४९ मध्ये आली. पुढे १९६४ साली एका अमेरिकन प्रकाशकाने जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांच्या 'द गोल्डन की'साठी त्यांच्याकडे प्रस्तावना मागितली. परीप्रदेश म्हणजे काय हे समजावण्यासाठी त्यांनी एका केकचा दाखला घेतला. दाखला वाढत गेला, प्रस्तावना अपुरी राहिली आणि १९६७ मध्ये 'स्मिथ ऑफ वूटन मेजर' प्रसिद्ध झाली. समीक्षा मागितली असता दोनदा कथा देणाऱ्या या लेखकाच्या लहान कथा केवळ 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तळटीपा म्हणून वाचणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

या दोहोंच्या मध्ये मात्र एक खराखुरा निबंध आहे. ८ मार्च १९३९ रोजी सेंट अँड्र्यूज येथे त्यांनी अँड्र्यू लँग यांच्या नावाचे व्याख्यान दिले. लँग यांनी १८८९ ते १९१० या काळात रंगांच्या नावांची बारा परीकथा-पुस्तके मुलांसाठी संपादित केली होती. टोल्किन यांनी नेमका त्या 'मुलांसाठी'वरच आक्षेप घेतला: थोरांना नकोसे झालेले जुने सामान मुलांच्या खोलीत जावे, तशा या कथा तिथे गेल्या. परीकथेचा विषय परी नव्हे, तर परीप्रदेश, हेही त्यांचे म्हणणे. आपल्या 'परीकथा' या शब्दात परी अशी ठाण मांडून बसली आहे, की वर्गात हा निबंध शिकवताना 'अद्भुतकथा' हाच शब्द हाताशी घ्यावा असे वाटते.

'लीफ बाय निगल' ही कथा जानेवारी १९४५ मध्ये 'डब्लिन रिव्ह्यू' या कॅथलिक नियतकालिकात आली. निगल हा चित्रकार झाडापेक्षा पान बरे काढतो. एका पानापासून सुरू झालेले त्याचे चित्र अवाढव्य झाड होऊन बसते, आणि न टाळता येणारा प्रवास तर समोर उभा. अशात पॅरिश हा लंगडा शेजारी सारखी मदत मागतो. निगल चरफडतो, पण जातो. कथेचे रूपक उघड आहे: प्रवास म्हणजे मृत्यू, पुढचे कष्टांचे घर म्हणजे शुद्धिस्थान. एवढे लिहून विद्यार्थ्याला गुण मिळतात. पण मग पॅरिशचे काय करायचे? चित्राचे कापड त्याच्या गळक्या घरासाठी वापरले जाते. उरलेला एका पानाचा तुकडा ॲटकिन्स नावाचा शिक्षक गावच्या संग्रहालयात लावतो आणि संग्रहालयही जळून जाते. तिकडे मात्र निगलला त्याचे झाड खरोखर उभे असलेले दिसते, आणि भोवतालची बाग पुरी करायला त्याला पॅरिशच लागतो. ज्याने कलेचा वेळ खाल्ला त्याच्यावाचून कलाकृती पुरी होत नाही, हे त्या व्याख्यानात कुठेही नाही. १९६४ मध्ये 'ट्री अँड लीफ' या पुस्तकात निबंध व कथा शेजारी छापल्या गेल्या. तिथे कथा निबंधाचे उदाहरण न राहता त्याच्यापुढे जाते.

'फार्मर जाइल्स' अधिक खट्याळ आहे. जाइल्सच्या बंदुकीची व्याख्या तिथे ऑक्सफर्डच्या चार विद्वानांना विचारली जाते. टोल्किन यांनी १९१९-२० मध्ये ऑक्सफर्डच्या त्या महाकोशासाठी काम केले होते हे ठाऊक असलेल्याला ही थट्टा घरचीच वाटते.

'स्मिथ' प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक ७५ वर्षांचे होते. केकमधून पोटात गेलेला तारा लोहाराला परीप्रदेशाची वाट उघडतो. वेळ आल्यावर तो परत करावा लागतो. वृद्ध लेखकाचा निरोप म्हणून ही कथा वाचण्याची रीत आहे, आणि ती चुकीची नाही. पण तारा पुढे कुणाकडे जावा, हे स्मिथ स्वतः निवडतो: नोक्स या मंदमती, परीप्रदेशाला हसणाऱ्या आचाऱ्याच्या पणतवाकडे. ज्याला शेवटपर्यंत काहीच कळले नाही, त्याच्याच घरात तारा जातो. आणि कथेतला शेवटचा शब्दही टोल्किन यांनी नोक्सलाच दिला आहे.