कल्याणच्या बत्तीस तबकड्या

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात उन्हाळी प्रकल्प मिळाला, तेव्हा अंबरनाथच्या आमच्या घरात पहिली चर्चा झाली ती गाडीची. पुण्याची गाडी पकडायला लोकलने उलटं कल्याणला जायचं, आणि मग ती गाडी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही आपलीच स्टेशनं मागे टाकत भरधाव निघते. आई म्हणाली, खिडकीतून हात कर.

काम होतं खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने ६१० मेगाहर्ट्झला टिपलेल्या जुन्या नोंदी साफ करण्याचं. विजेच्या तारांची वगैरे खरखर शिरलेला भाग शोधायचा आणि ‘फ्लॅग’ करून बाजूला काढायचा. डोळे शिणवणारं काम. एकदा चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, ‘‘कुठली गं तू?’’ अंबरनाथ म्हटल्यावर हसले. ‘‘म्हणजे आमच्या दुर्बिणीचं माहेर तुझ्याकडेच की!’’

मग कळलं ते असं. सिडनीतल्या पॉट्स हिलला सूर्याच्या अभ्यासासाठी वापरलेल्या, सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या (डिश अँटेना) ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या होत्या. तिथे शिकायला गेलेले खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनीच त्या मागितल्या होत्या. तबकड्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आल्या, पण स्वरूप पुढे अमेरिकेला गेले आणि त्या तशाच राहिल्या. होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ मध्ये ते भारतात परतले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) रुजू झाले. १९६५ मध्ये तबकड्या कल्याणला उभ्या राहिल्या: पूर्व-पश्चिम २४, उत्तर-दक्षिण ८. लहर तीच, ६१० मेगाहर्ट्झ. मी वहीत हा आकडा दोनदा अधोरेखित केला.

सहा फुटी तबकडीने सूर्य काय दिसणार? या लहरीची लांबी साधारण अर्धा मीटर. एकट्या तबकडीची नजर सुमारे पंधरा अंश फाकते, आणि सूर्य तर आकाशात जेमतेम अर्धा अंश. पण तबकड्या ६३० मीटरच्या रांगेत जोडल्या की नजर काही कलांइतकी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) बारीक होते. अंतर वाढवा, बारकावा वाढेल. १९७० मध्ये स्वरूप यांच्याच गटाने उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली. नंतर खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटर परिसरात पसरलेल्या. मापं बदलली, जोडण्याची युक्ती कल्याणचीच.

आमच्याकडे इतिहास म्हटला की अंबरनाथचं शिवमंदिर, नाहीतर लष्कराच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं उल्हासनगर. दोन्ही रास्तच. कॉलेजात रेडिओ दुर्बीण शिकताना मात्र कल्याणचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

१९६५ मध्ये दहा-बारा वर्षांचे असलेले लोक आज सत्तरीत आहेत. कल्याण-उल्हासनगर-बदलापूरकडच्या कुणी त्या तबकड्या पाहिल्या असतील, कुणाच्या घरात एखादा फोटो असेल, तर कृपया जागा आणि साल आत्ताच लिहून ठेवा.