फिरत्या भांड्यातला समुद्र

आजची गोष्ट आहे पाण्याच्या एका छोट्या भांड्याची.

बेंजामिन फ्रँकलिनने १७६९ च्या सुमाराला टिमोथी फोल्जर या कप्तानाच्या मदतीने अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीमचा नकाशा छापून घेतला. त्यात हा उबदार प्रवाह एखाद्या रुंद नदीसारखा दिसतो. पुढं बराच काळ लोकांच्या डोक्यात तेच चित्र राहिलं.

मग आला जून १९५०. 'ऑपरेशन कॅबट' या मोहिमेत सहा जहाजांनी मिळून गल्फ स्ट्रीमचा पाठलाग केला. त्यांच्या डोळ्यांदेखत प्रवाहाला एक वळण पडलं, ते लांबत गेलं आणि चक्क तुटून वेगळा भोवरा झाला! नदी अशी वागते का?

गंमत बघा, साधारण त्याच वेळी केंब्रिजमध्ये रेमंड हाइड हा विद्यार्थी पृथ्वीच्या चुंबकत्वाचं कोडं सोडवायला एक प्रयोग करत होता. एकात एक दोन नळकांडी, मधल्या फटीत पाणी. बाहेरची भिंत गरम, आतली थंड. आणि हे सगळं फिरत्या तबकडीवर.

तबकडी हळू फिरली की पाणी गुमान गोल फिरायचं. वेग वाढवला की प्रवाहाला लाटा पडायच्या, तीन, चार, पाच, अगदी मोजून घ्याव्यात अशा. आणखी वाढवला की सगळा गोंधळ.

असं का होतं? थंड पाणी जड, त्याला गरम पाण्याखाली घुसायचं असतं. पण फिरण्यामुळे ते सरळ जाऊ शकत नाही, बाजूला वळतं. ऊर्जा साठून राहते आणि शेवटी लाटांतून, भोवऱ्यांतून बाहेर पडते. जूल चार्नी (१९४७) आणि एरिक ईडी (१९४९) यांनी वातावरणासाठी हेच गणित कागदावर मांडलं होतं. हाइडच्या भांड्यात ते डोळ्यांना दिसलं.

आता तुम्ही म्हणाल, कुठे ते भांडं, कुठे महासागर! पण इथे आकार एकटा महत्त्वाचा नसतो. प्रवाहाच्या वेगाचं फिरण्याच्या वेगाशी असलेलं गुणोत्तर जुळलं, की छोटं भांडंही समुद्राबद्दल बोलू लागतं.

हे भोवरे उष्णता, मीठ, अगदी जीवसृष्टीही सोबत वाहून नेतात. म्हणून हवामानाच्या मॉडेलमध्ये त्यांना वगळलं, तर हिशोब चुकतो. आणि एडवर्ड लॉरेन्झ, तोच 'बटरफ्लाय इफेक्ट'वाला, त्यालाही या फिरत्या भांड्यांनी विचारात पाडलं होतं. पण ती गोष्ट पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!