दारूची मात्रा

मराठींत ‘दारू’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही अर्थांनीं तो सभ्य घरांत जरा जपूनच उच्चारला जातो. एक दारू प्याल्यांत असते, दुसरी बंदुकीच्या नळींत. परंतु ज्या फारशी भाषेंतून हा शब्द आपल्याकडे आला, तींत ‘दारू’ म्हणजे औषध. ‘दवादारू’ या आपल्या नित्याच्या जोडशब्दांत तो मूळचा निरुपद्रवी अर्थ अजून जिवंत आहे. आश्चर्य असें कीं, ज्या चिनी लोकांनीं हें स्फोटक मिश्रण प्रथम तयार केलें, त्यांनींहि त्याला औषधाचेंच नांव दिलें. त्यांच्या ‘हुओयाओ’ या शब्दाचा अर्थ ‘अग्नीचें औषध’ असा होतो. औषध म्हटलें कीं मात्रा आली, आणि मात्रा म्हटली कीं ती देणाऱ्याचा हात आला. बंदुकीच्या दारूचा इतिहास सामान्यतः मोठमोठ्या तोफांचा, फुटलेल्या तटांचा आणि बुडालेल्या राज्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पण त्याच्या पोटांत एक दुसरा, बारीक प्रवाह आहे. तो अधिक दारूचा नसून बेताच्या दारूचा आहे. पिस्तुलानें कागदी लक्ष्यावर नेम धरणारा आणि त्यासाठीं आपलीं काडतुसें आपल्याच हातानें भरणारा जो नेमबाज, त्याच्यापाशीं तो येऊन पोंचतो. त्या प्रवाहाचा मागोवा घेण्याचा येथें विचार आहे.

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचें मिश्रण. १०४४ सालच्या ‘वुजिंग झोंगयाओ’ या चिनी युद्धग्रंथांत तिच्या कृती आढळतात. पुढें अनुभवानें शंभर भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक हें प्रमाण बहुतेक ठिकाणीं रूढ झालें. आरंभीं ही दारू पिठासारखी असे. प्रवासांत हादरे बसून तिचे घटक वेगळे होत आणि दमट हवेंत ती लवकर सादळे. पंधराव्या शतकांत युरोपांतील कारागिरांनीं ती ओली करून, वाळवून, तिचे दाणे पाडण्यास सुरुवात केली. आणि मग एक महत्त्वाची गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. दारू किती घातली एवढ्यावरच सर्व कांहीं अवलंबून नसून तिचा दाणा केवढा आहे यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. बारीक दाणा झटकन जळतो, जाड दाणा सावकाश जळतो. म्हणून तोफेला जाड, बंदुकीला मध्यम आणि पिस्तुलाला बारीक दाणा वापरावा असें ठरत गेलें. आज ज्याला दारूची निवड म्हणतात, त्या विद्येचें बीज येथें आहे.

दारू जपण्याच्या बाबतींत आपले पूर्वज गाफील नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारूला सर्दी पोंचूं देऊं नये, आठ-पंधरा दिवसांनीं ती बाहेर काढून तिला ऊन दाखवावें व पुन्हां मोहोर करून ठेवावी, अशी बारीक दक्षता सांगितली आहे. परंतु नळींत नेमकी किती दारू ओतावी आणि तिनें गोळीला किती वेग यावा, याचें गणित त्या काळीं जगांत कोठेंच झालेलें नव्हतें. अनुभवी गोलंदाजाचा हात हेंच माप होतें.

हें गणित प्रथम मांडण्याचें श्रेय बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञास आहे. १७४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तोफविद्येवरील ग्रंथांत त्यानें लंबकाची युक्ति वर्णिली आहे. लाकडाचा जड ठोकळा टांगावयाचा, त्यावर गोळी झाडावयाची, आणि ठोकळा किती मागें झुलला यावरून गोळीचा वेग काढावयाचा. युक्ति इतकी साधी कीं ती आधीं कोणाला सुचली कशी नाहीं याचेंच नवल वाटावें. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञानें तीनच वर्षांत त्या ग्रंथाचें जर्मन भाषांतर टीपांसह प्रसिद्ध केलें. हा रॉबिन्स पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत किल्ल्यांची डागडुजी करण्यासाठीं हिंदुस्थानांत आला आणि १७५१ सालीं मद्रासच्या दक्षिणेस फोर्ट सेंट डेव्हिड येथें वारला. आज नेमबाजाच्या मेजावर गोळीचा वेग मोजणारें विजेचें यंत्र असतें. त्याच्या वंशावळीचा मूळपुरुष अशा रीतीनें आपल्याच भूमींत विसावला आहे.

मापलेली मात्रा प्रत्येक वेळीं ओतीत बसण्यापेक्षां ती आधींच बांधून ठेवावी, या सोयींतून काडतूस जन्मास आलें. प्रथमचें काडतूस म्हणजे वैद्याच्या पुडीसारखी कागदाची पुडी होती. तींत दारू आणि गोळी दोन्ही असत. परंतु पुडी आली तसा एक नवा प्रश्नहि आला : ती कोणी बांधली आणि तींत काय घातलें? १८५७ सालीं या प्रश्नानें काय अनर्थ केला हें आपणांस ठाऊकच आहे. जानेवारींत डमडम येथें शिपायांची तक्रार पुढें आल्यावर, काडतुसांना आपल्या पसंतीचें वंगण आपणच लावावें अशी मुभा सरकारनें दिली. पण तोंवर विश्वास उडून गेला होता. त्या उठावाचीं कारणें अनेक होतीं व काडतूस हें त्यांतील एकच होतें. तरीहि दुसऱ्यानें बांधलेली पुडी दातांनीं फोडणाऱ्याच्या मनांत काय चालतें, याची ती एक साक्ष आहे.

पुढच्या दहा वर्षांतच कागदाची जागा पितळेच्या पुंगळीनें घेतली. पुंगळीच्या बुडाशीं ठिणगी पाडणारी लहानशी टोपी बसविण्याच्या दोन रीती १८६६ च्या सुमारास निघाल्या. एक अमेरिकेंतील बर्डनची, दुसरी इंग्लंडांतील बॉक्सरची. गंमत अशी कीं बर्डनची टोपी युरोपांत रुजली आणि बॉक्सरची अमेरिकेंत. बॉक्सरच्या रीतींत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असल्यामुळें झडलेली टोपी एका काडीनें आंतून ढकलून सहज बाहेर काढतां येते. या क्षुल्लक वाटणाऱ्या फरकामुळें अमेरिकेंत रिकामी पुंगळी पुन्हां भरण्याचा घरगुती धंदा फोफावला. तेथील दूरदूरच्या मैदानांत राहणाऱ्या शिकाऱ्याला दुकान जवळ नसे आणि पितळ तर महाग. १८८४ सालीं जॉन बार्लो यानें स्थापिलेल्या ‘आयडियल’ कंपनीचें हत्यार अशा माणसांसाठीं होतें. दिसावयास तें थेट आपल्या अडकित्त्यासारखें. त्याच एका अडकित्त्यांत जुनी टोपी काढणें, नवी बसविणें, गोळी दाबणें आणि शिसें ओतून गोळी पाडणें, हीं सर्व कामें होत.

नेमकें याच वर्षीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यानें निर्धूम दारू सिद्ध केली. कापसावर तीव्र आम्लांची क्रिया करून होणारा स्फोटक कापूस शोनबाइन यानें १८४६ सालींच जगापुढें ठेवला होता. पण तो इतका अनावर होता कीं पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत फॅव्हरशॅम येथील कारखाना त्यानें उडवून दिला व अनेक कामकरी प्राणांस मुकले. व्हिएयनें तो कापूस ईथर आणि मद्यार्क यांत भिजवून त्याचा घट्ट लगदा केला, त्याच्या पातळ पत्र्या लाटल्या आणि त्या कापल्या. अशी पत्री एकदम भडकत नाहीं. ती बाहेरून आंत, थराथरानें जळते. १८८७ सालीं आल्फ्रेड नोबेल यानें तींत नायट्रोग्लिसरिन मिसळून ‘बॅलिस्टाइट’ काढली, आणि १८८९ सालीं एबल व ड्यूअर यांनीं सुतळीच्या आकाराची ‘कॉर्डाइट’ केली. दारूचा वेग आतां तिच्या आकारानें व लेपानें ठरवितां येऊं लागला. अनावर शक्तीला लगाम बसला तो तिला दुबळी करून नव्हे, तर तिच्या जळण्याला वळण लावून.

येथून आपण पिस्तुलाकडे येतों. पिस्तुलाची नळी चार-सहा इंचांची. गोळी तींतून बाहेर पडण्यापूर्वीं दारूनें आपलें काम आटोपलें पाहिजे. लांब नळीच्या रायफलीची सावकाश जळणारी दारू येथें चालत नाहीं. अर्धी कच्चीच बाहेर उडते. म्हणून १८९८ च्या सुमारास अमेरिकेंत लॅफ्लिन अँड रँड या कंपनीनें ‘बुल्सआय’ नांवाची अतिशीघ्र दारू काढली. कंपन्यांचे मालक बदलले; दारूचें नांव राहिलें, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नेमबाजांनीं ती वापरली. त्याच सुमारास स्मिथ अँड वेसन कंपनीचें ‘.३८ स्पेशल’ हें काडतूस निघालें. त्याची पुंगळी सुमारें २१ ग्रेन काळी दारू मावेल अशी होती. ‘बुल्सआय’सारखी दारू मात्र लक्ष्यावरच्या हलक्या बारासाठीं तीन ग्रेनांहूनहि कमी पुरे.

हें माप किती सूक्ष्म आहे तें सोनाराच्या काट्यावर पाहावें. तोळ्याचे १८० ग्रेन आणि तोळ्याच्या ९६ गुंजा. म्हणजे एका बाराची दारू दीड गुंजेच्या आसपास. एका तोळ्यांत साठांहून अधिक काडतुसें भरतील. पण या काटकसरींतच धोका दडलेला आहे. काळी दारू पुंगळी भरून टाकी. दुप्पट ओतूं गेल्यास ती सांडे आणि चूक आपली आपणच उघडी पडे. ही नवी दारू पुंगळीच्या तळाशीं चिमूटभर पडून राहते. नजर चुकून तीच मात्रा दुसऱ्यांदा पडली तरी पुंगळी निमूटपणें ती गिळते, आणि पिस्तूल भरणाऱ्याच्याच हातांत फुटतें. शिवाय गोळी ठरल्यापेक्षां किंचित् खोल बसली तरी आंतील पोकळी आक्रसून दाब झपाट्यानें चढतो. म्हणून काडतुसें भरणाऱ्यांचा नियम कडक आहे. प्रसिद्ध कोष्टकांबाहेर जावयाचें नाहीं, मेजावर एका वेळीं एकच दारू ठेवावयाची, आणि गोळी बसविण्यापूर्वीं प्रत्येक पुंगळींत उजेडांत डोकावून पाहावयाचें.

मग एवढा खटाटोप कशासाठीं? कारखान्याचें काडतूस वाईट असतें म्हणून नव्हे. आपल्या खडकीचा १८६९ सालचा कारखाना घ्या किंवा दुसरा कोणताहि घ्या. त्याचें काडतूस त्या मापाच्या प्रत्येक शस्त्रांत सुरक्षित चाललें पाहिजे. हातानें भरलेलें काडतूस एकाच शस्त्रासाठीं असतें. पंचवीस मीटरांवरील लक्ष्याचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें ५० मिलिमीटर व्यासाचें असतें. तेथें गोळी किती जोरानें आदळली याला गुण नाहींत. पहिली जशी गेली तशीच साठावी गेली कीं नाहीं, एवढाच प्रश्न असतो. म्हणून हा नेमबाज वेगवान् गोळीच्या मागें लागत नाहीं. दहा बारांच्या वेगांत एकमेकांपासून किती तफावत पडते तें तो पाहतो. कागदाला स्वच्छ गोल भोंक पडावें म्हणून तो सपाट तोंडाची शिशाची गोळी घेतो. ती पुंगळींत पूर्ण आंत बसते व रिकामी जागाहि थोडी भरून काढते. मात्रा तो उतरवीत नेतो. पण आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाचा खटका मागें सरकलाच नाहीं इतकी ती उतरूनहि चालत नाहीं. अति नको आणि न्यूनहि नको, अशा चिंचोळ्या वाटेवरून तो चालतो.

या खेळाची एक शाखा मात्र जोराची अट घालते. १९७६ सालीं अमेरिकेंत कोलंबिया येथें स्थापन झालेल्या ‘आयपीएस्‌सी’ या संस्थेच्या शर्यतींत गोळीचें ग्रेनांतील वजन आणि सेकंदास फुटांतील वेग यांचा गुणाकार करून त्याला हजारानें भागतात. तें फळ खालच्या वर्गांतहि १२५ हून कमी असूं नये असा दंडक आहे. पण येथेंहि कुशल नेमबाज त्या रेषेच्या जेमतेम वर राहण्यासाठींच दारू निवडतो. जड गोळी आणि थोडी शीघ्र दारू घेतली कीं वायु कमी निघतो व हाताला धक्का सौम्य बसतो. ज्याच्या नळीच्या तोंडाशीं वायु वर फेकणारीं छिद्रें असतात, तो उलट सावकाश जळणारी अधिक दारू घेतो, कारण तोच वायु नळीला खालीं दाबून धरतो. एकच साध्य, पण शस्त्र बदललें कीं औषध बदलतें.

महाराष्ट्राला हा खेळ परका राहिलेला नाहीं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत पंचवीस मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. त्या प्रकारांतील .२२ काडतुसाचा ठिणगी पाडणारा मसाला पुंगळीच्या कडेंतच भरलेला असतो. म्हणून तें एकदां झडलें कीं पुन्हां भरतां येत नाहीं. असा नेमबाज कारखान्याचे निरनिराळे घाणे आपल्या पिस्तुलांतून झाडून पाहतो व त्यांतला एकसारखा चालणारा निवडतो. भरणें त्याच्या हातीं नाहीं, पारख आहे. आपल्या देशांत काडतुसें भरण्याला १९५९ च्या शस्त्रकायद्यानें परवाना लागतो, आणि तें योग्यच आहे. ज्या विद्येंत गुंजभर चुकीला क्षमा नाहीं, ती वाटेल त्याच्या हातीं देण्यासारखी नव्हे.

सोऱ्याच्या पिठापासून थराथरानें जळणाऱ्या पत्रीपर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. शक्ति वाढविणें हें माणसाला नेहमींच लवकर साधलें. ती मोजणें त्याला फार उशिरां साधलें, आणि मोजून पुरेशी झाल्यावर हात आवरणें तर सर्वांत उशिरां. राज्यांच्या इतिहासांत हें शेवटचें प्रकरण अजून लिहावयाचेंच आहे. पण एखाद्या नेमबाजाच्या मेजावर, दीड गुंजेच्या काट्यापाशीं, त्याच्या कांहीं ओळी लिहिल्या गेल्या आहेत. ज्यांनीं या पदार्थाला प्रथम औषध म्हटलें, त्यांना पुढचें सारें दिसलें असेल असें नाहीं. पण नांव त्यांनीं बरोबर ठेवलें. तारतें कीं मारतें हें औषध ठरवीत नाहीं, मात्रा ठरविते.