क्रॉनटॅबमधील व्हेरिएबल आणि फाइलमार्ग

क्रॉन ही युनिक्स व लिनक्स संगणकांवर ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी प्रणाली. पॉल व्हिक्सी यांनी 1987 मध्ये लिहिलेली तिची आवृत्ती पुढे विशेष रूढ झाली. कामांची यादी ‘क्रॉनटॅब’ या फाइलमध्ये असते. बॅकअपचा फोल्डर, लॉगची जागा असे मार्ग दर ओळीत लिहिण्याऐवजी यादीच्या वर व्हेरिएबलमध्ये एकदाच नोंदवता येतात. डिस्क बदलली की एकच ओळ दुरुस्त करायची.

मात्र येथे नवख्यांची हमखास फसगत होते. नोंद करताना बरोबरच्या चिन्हापुढचा मजकूर व्हिक्सी क्रॉन जसाच्या तसा साठवतो. त्यात डॉलर चिन्हासह दुसरे व्हेरिएबल गुंफले, तर ते उलगडत नाही. कामाच्या ओळीत ते उलगडते, कारण ती ओळ शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, चालवतो. शिवाय लॉगिननंतर मिळणाऱ्या सोयी क्रॉनला नसतात. कमांड कुठे शोधायची हे सांगणाऱ्या ‘पाथ’ व्हेरिएबलमध्ये बहुधा मोजकेच मूलभूत फोल्डर असतात. हाताने बिनबोभाट चालणारी स्क्रिप्ट रात्री ‘कमांड सापडली नाही’ म्हणत बंद पडते ती यामुळेच.

फाइलच्या नावात तारीख घालताना आणखी एक मेख आहे. तारखेचे स्वरूप लिहिताना वापरले जाणारे टक्क्याचे चिन्ह क्रॉन नवी ओळ समजतो आणि पहिल्या चिन्हापुढचा मजकूर कमांडला इनपुट म्हणून देतो. म्हणून प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. टक्क्याची ही तरतूद आज सोयीपेक्षा अडचणच अधिक करते. मार्ग वाढू लागले की ते क्रॉनटॅबमध्ये न ठेवता स्क्रिप्टमध्येच ठेवणे उत्तम.